पाचवा दात नसलेली पिशवी

ज्या खोलीची दुसरी किल्ली मालकाच्या खणात असते, त्या खोलीत राहून तुम्ही मालकाविरुद्ध खरं बोलाल का? पटकन हो म्हणू नका. आपल्याच प्लास्टिकविरोधी गटातले काही शहाणे ‘ती विकली गेली’ म्हणत फिरतायत, म्हणून विचारतेय.

पिशव्यांच्या कारखान्यात तिला सगळे पट्टीताई म्हणतात. पिशवीचा तळ चिकटवायला तापलेली दातेरी पट्टी असते, तिच्यावर ही अकरा वर्षं. नवरा तिथेच फिटर. सासू आणि नणंद गठ्ठे बांधतात. चौघांची खोलीही आवारातच. खिडकी उघडली की समोर गोण्यांची भिंत.

गेल्या आठवड्यात मी वाचनालयात प्लास्टिकवरचा माहितीपट दाखवला. आग्रह करकरून तिला आणलं. पडद्यावर डॉक्टर मेलेल्या बकरीच्या पोटातून पिशव्या उपसत होते. त्यातली एक त्यांनी कॅमेऱ्यापुढे धरली. पातळ, बंदी असलेली. असली पिशवी आम्ही बनवतच नाही, असं हा मालक तपासनिसाला लिहून देतो.

पट्टीताई ताडकन उभी राहिली. “अगं बाई, ही तर माझी!”

लोक हसले. नणंदेने हात ओढला, “वहिनी, बस खाली! बकरी काय तुझ्या माहेरची?”

“तळ बघ ना! पाचवा दात नाही.”

दोन वर्षांपूर्वी फिटरच्या हातून पट्टी पडली आणि एक दात उडाला. बदल म्हटलं तर म्हणाला, “पिशवीला काय लग्नाला जायचंय?” तेव्हापासून तिच्या प्रत्येक पिशवीच्या तळाला तेवढी जागा सपाट.

मी शाळेत फार टिकले नाही, पण पुरावा ओळखते. दुसऱ्याच दिवशी तक्रार ठोकली, साक्षीदार म्हणून तिचं नाव घातलं. तिला न विचारता. चूक माझी, आणि चूक कबूल करायची मला सवय नाही.

तक्रार पोचली त्या संध्याकाळी मशीनवर नवी पट्टी चढली. चढवली फिटरनेच, मालकाचा हुकूम. आता ती पिशवी त्याच मशीनची, हे सांगणारी एकटी तीच उरली. मालकाने गोड बोलून कागद पुढे केला: ‘पिशवी ओळखण्यात माझी चूक झाली.’

“सही कर, ताई. शनिवारपर्यंत वेळ आहे. नाहीतर रविवारी खोली रिकामी कर.”

फिटर घरात मान वर करत नाही. सासू विचारते, “तुझ्या खरेपणावर चूल मांडू का?” भाजीला जायचं तरी फाटकावर वहीत नाव लिहावं लागतं, परत येण्याच्या वेळेसकट.

काल भाजीच्या गाड्यापाशी तिला गाठलं. म्हटलं, सही करू नकोस, आम्ही आहोत.

“तू भाषण ठोकून घरी जातेस,” ती म्हणाली. “मी ठोकलं तर घर जातं.” भाजीची जुडी उगाच उलटसुलट करत राहिली. मग हळूच, “सही नाही करायची गं मला. पण सासूला घेऊन जाऊ कुठे? तू सांग.”

मी उलट तिच्यावरच चिडले. ती वहीतली वेळ गाठायला पळाली.

माझ्या एका खोलीत आधीच चौघं झोपतो. आज बुधवार आहे. तुमच्याकडे रिकामी खोली, मागची पडवी, गच्चीवरची पत्र्याची शेड, काहीही असेल तर शुक्रवारच्या आत मला येऊन सांगा. सल्ला आणू नका. किल्ली आणा.