दोन वर्षं चालेल असा गणवेश दाखवा

युनिफॉर्मच्या दुकानात काउंटरमागे एक जून काढून बघा. कपडे विकायला उभे राहाल आणि किस्से घेऊन घरी जाल. मी असे सव्वीस जून काढलेत! राहते विठ्ठलवाडीला, काम कल्याणात. दुकान अप्पांचं, शिलाई मशीन मास्टरांचं आणि तोंड माझं. नवरा म्हणतो, "अगं, लिहून ठेव." पण लिहायला घेतलं की गिऱ्हाईक येतं आणि आणखी एक किस्सा वाढतो. आता तुम्ही बसलाच आहात तर ऐका.

*

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईचं पहिलं वाक्य ठरलेलं. "दोन वर्षं चालेल असं दाखवा."

एक बाई पाचवीत जाणाऱ्या मुलाला घेऊन आलेल्या. शर्ट घातला तर बाहीतून पोराची बोटंसुद्धा दिसेनात. पँट त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवलेली. बाई मात्र खूश! "वाढतं अंग आहे हो. छान बसलंय." शेजारच्या दुकानातून घेतलेले बूटही तसेच, पुढे कापूस भरायच्या मापाचे.

मुलाने आरशात स्वतःला शोधलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "आई, सगळं सातवीचं घेतलंस. मग मला सातवीतच बसव ना!"

*

मध्यंतरी मुलांमध्ये नॅरो पँटची फॅशन आलेली. इतकी नॅरो, की घालायला जमिनीवर आडवं पडावं लागायचं. एका शाळेच्या पीटीच्या सरांनी नियमच काढला, बूट न काढता पँट उतरली पाहिजे. नाही उतरली तर पालकांना चिठ्ठी.

पोरं रडकुंडीला येऊन मास्टरांकडे. मास्टर म्हणजे आमचे टेलर. बोलतात कमी, डोकं जास्त. त्यांनी पँटच्या शिवणीला आतून टिचबटणं लावून दिली. शाळेच्या गेटपाशी बटणं उघडायची, पँट सैल. सुटल्यावर लावायची, पँट टाइट. महिनाभर मस्त चाललं.

एक दिवस दुपारी सर स्वतः दुकानात हजर. हातात जप्त केलेली पँट. अप्पांना एकदम तहान लागली, ते आत गेले. सरांनी पँट काउंटरवर उलटी करून टाकली.

"हे कोणाचं काम?"

मास्टरांनी कात्री खाली ठेवली. "माझं."

सरांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, पिशवीतून आपली ट्रॅकपँट काढली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हिला पण लावून द्या ना. मुलं मागून मला तंबू म्हणतात!"

*

आता आया घरूनच माप पाठवतात. एका ताईंनी मुलीचा फोटो काढून कुठल्याशा ॲपवरून माप काढलं आणि मला व्हॉट्सॲप केलं. मी फोनवर दोनदा विचारलं, मुलीला आणता का? "काकू, टेक्नॉलॉजी आहे ही. तुमच्या टेपपेक्षा अ‍ॅक्युरेट."

मास्टरांनी त्या मापाने पिनो, म्हणजे शर्टावर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक, शिवला. ताई मुलीला घेऊन आल्या, तर तो डोक्यातूनच खाली येईना. ताई मोबाइल दाखवत म्हणाल्या, "पण ॲपमध्ये तर बसतोय!"

मास्टर म्हणाले, "मग ॲपलाच शाळेत पाठवा."

*

दुकानात अप्पांच्या वडिलांच्या काळातला एक फोटो आहे. मुलींचं लेझीम पथक, अंगावर आमच्याच दुकानाचे गणवेश. खाली सगळ्यांची नावं.

वर्तकनगरहून एक आजी नातीला घेऊन आलेल्या. लहानपण कल्याणात गेलेलं, म्हणून खरेदीला अजून इथेच. नात आठवीत. तिला स्कर्ट गुडघ्यापर्यंत हवा, आजींना पोटरीच्या खाली. "आमच्या वेळी मुलींना काही मर्यादा होती. स्कर्ट कसा अंगभर असायचा!" हे भाषण मला, अप्पांना आणि दुकानातल्या इतर तीन गिऱ्हाइकांना मिळून.

तोवर नात फोटोपाशी गेलेली. फोटोतल्या सगळ्यांचे स्कर्ट गुडघ्याच्या वर चांगली वीतभर! आणि डावीकडून तिसरं नाव आजींचं, माहेरच्या आडनावासकट.

"आज्जी, ही तू ना?"

आजींनी चष्मा लावला. फोटो नीट न्याहाळला. चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

"मी त्या दिवशी आजारी होते."

*

गावाबाहेरच्या एका नव्या शाळेने ब्लेझर काढला. मरून रंग, आतून अस्तर, खिशावर सोनेरी सिंह. आमच्याकडच्या जूनमध्ये! घेताना प्रत्येक पालक कुरकुरायचा.

एक आजोबा नातवाला घेऊन आले. जवळच्याच गावातले, जुने शेतकरी. शाळा उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांचीच. नातवाने ब्लेझर चढवला आणि दोन मिनिटांत घामाने निथळला.

आजोबा बघतच राहिले. "बाय, या उनान कोट? ज्या जाग्याव याची शाला हाय ना, तितं आमी लंगोटीव भात लावलाय!"

मला वाटलं, झालं, गिऱ्हाईक चाललं. म्हटलं, "मग राहू दे का, आजोबा?"

"राहू कशाला? दोन दे! लंगोटीची कसर भरून निंगू दे."

*

आणि हा यंदाचा. मे महिन्यात पन्नाशीचे सहा-सात जण एकदम दुकानात शिरले. शाळेच्या वर्गाचं रियुनियन, आणि सगळ्यांनी गणवेशात यायचं ठरलेलं. पांढरा शर्ट आणि खाकी पँट. बायकांना पांढरा कुर्ता, निळी ओढणी.

एका साहेबांनी छातीठोकपणे कंबर सांगितली, "अठ्ठावीस!" मास्टरांनी टेप लावला. "साहेब, अठ्ठावीस मांडी आहे." मग जो हशा सुरू झाला, तो थांबेचना.

वैशालीताई वहीत नावं आणि मापं लिहून घेत होत्या. "ही आमची मॉनिटर," कोणीतरी मला सांगितलं. "सोमवारी प्रार्थनेला कोण गणवेशाशिवाय आलं, ते हीच वहीत लिहायची. अजून वही सुटली नाहीये!"

सगळ्यात जास्त उत्साह दिलीपचा. आंबिवलीला राहतो, स्वतःचा टेम्पो आहे. गैरहजर मंडळींना फोन लावून मापं त्यानेच मिळवली. तयार गणवेश घरोघर पोचवायचं कामही त्याने अंगावर घेतलेलं. कोणाला कॉलर कशी हवी, हेही त्याला पाठ.

शेवटी मास्टर टेप घेऊन त्याच्याकडे वळले. तो एक पाऊल मागे सरकला.

"माझं नको."

"अरे, असं कसं?" सगळे ओरडले. "ग्रुप फोटो आहे. आपल्या वर्गाच्या बाई येणारेत!"

"म्हणून तर नको," दिलीप म्हणाला. "गणवेशात त्या मला ओळखायच्या नाहीत."

पुन्हा हशा पिकला. वैशालीताईही हसल्या. पेन वहीवर टेकवून म्हणाल्या, "बरं बाबा, मग तुझ्या नावापुढे लिहू काय?"

"लिही की," दिलीप हसत म्हणाला. "दर सोमवारी लिहायचीस तेच."