उघड्या गाडीतून आष्टी

माझ्या मायला गाडी लागते. एसटी लागते, जीप लागते, आमची पांढरी गाडी तर नुसता दाराचा आवाज झाला तरी लागते. युसूफ वडगावहून बीडला माझ्याकडे यायचं ठरलं की आदल्या दिवसापासून तिचं जेवण बंद. मुठीत लिंबू धरून ती गाडीत बसते आणि डोळे मिटते, ते आमच्या दारात आल्यावरच उघडते. तिच्या लेखी गाव आणि माझं घर यांच्या मधे काहीही नाही. नुसता अंधार, त्यात वळणं आणि हॉर्न.

एकाच गाडीत तिला मळमळत नाही. ती म्हणजे माझी लाल स्पोर्ट्स कार. दोनच सीट, कापडी टप मागे दुमडला की वर थेट आभाळ. आणि नेमकी तीच गाडी चालत नाही.

चालत नाही, हे मी वकील असूनही जरा ढोबळ बोलले. चालते, पण तिच्या मनाला येईल तेव्हा. पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून मी ती जुनी गाडी घेतली तेव्हा सगळ्या बार रूमला हसायला विषय मिळाला. बीडच्या रस्त्यांवर, गतिरोधकांवर पोट घासणारी ही बुटकी गाडी कशाला, असं मला न्यायाधीश सोडून सगळ्यांनी विचारलं. मी कुणालाच उत्तर दिलं नाही. हौस होती, एवढंच खरं उत्तर होतं, आणि बाईमाणसाच्या हौसेला लोक पुरावा मागतात.

आमच्या ह्यांनी गाडीचं नाव ‘अशील’ ठेवलं. रोज सकाळी दात घासता घासता विचारायचे, “काय, तुमची अशील आज हजर आहे का?” बहुतेक वेळा ती गैरहजरच असायची. तापली की बंद पडायची आणि निवेपर्यंत कुणाचं ऐकायची नाही. एकदा कोर्टाच्या फाटकातच अडली आणि मला काळ्या कोटात तिला ढकलावं लागलं. त्या दिवशी मी तिला ज्या शिव्या दिल्या, त्या उलटतपासणीत सुद्धा वापरत नाही.

शेवटी मिस्त्रीनं बॉनेट लावलं आणि सांगितलं, “वकीलबाई, इंजिन उतरवावं लागंल. सामान भाईरून मागवायचं. कवा येईल सांगता येत न्हाई. आन आलं तरी ही चालंलच, असं मी लिहून देणार न्हाई.” त्याच सुमाराला नगरचा एक माणूस फोन करू लागला. त्याला अशा गाड्यांचा नाद होता. आहे त्या अवस्थेत नेतो म्हणाला, फक्त या महिन्यात काय ते कळवा. ह्यांनी लगेच निकाल दिला, “दे.” मला मात्र ठरवता येईना.

त्याला कारण माय. उन्हाळ्याच्या तोंडाला ती माझ्याकडे राहायला आली होती. मी कोर्टातून आले की आम्ही दोघी अंगणातल्या त्या बंद गाडीत जाऊन बसायचो. टप मागे टाकलेला, वर कडुनिंब. त्याची बारीक फुलं मायच्या मांडीवर पडत राहायची, ती झटकायची नाही. उन्हं कलली की तो लाल पत्रा कोमट व्हायचा, रस्त्यावरचे आवाज लांब गेल्यासारखे वाटायचे, आणि माय म्हणायची, “चल, आष्टीला.”

आष्टीला माझी मावशी राहते, मायची धाकटी बहीण. तिचे गुडघे गेलेत, ती उंबऱ्याबाहेर पडत नाही. मायला गाडी लागते, म्हणून माय जात नाही. दोघी बहिणी कित्येक वर्षं एकमेकींना फोनवरच ऐकत होत्या. फोन ठेवला की माय थोडा वेळ तो हातातच धरून बसायची.

मी खोटंखोटं स्टिअरिंग फिरवायची. “मांजरसुंब्याचा घाट आला माय.” “डाव्या अंगाला काय हाय?” “डोंगर. पळस फुललाय.” “आन खाली?” मी आष्टीच्या कोर्टात तारखांना जाते, त्यामुळे रस्ता पाठ आहे. पण मायचे प्रश्न माझ्या पाठांतराच्या पलीकडचे असायचे. विहिरीला पाणी आहे का, अमक्या वळणावर बाभळी होत्या त्या तोडल्या का. मला माहीत नसलं की मी ठोकून द्यायची. कधी कधी डोळ्यांपुढे खरंच रस्ता दिसू लागायचा आणि अंगणाची भिंत पुसट व्हायची. अंधार पडायला लागला की हे दारातून हाक मारायचे, “पोचलात का आष्टीला? मग जेवायला या.”

एकदा मी विचारलं, “माय, तुला इतक्या बारीक खाणाखुणा कशा माहीत? तू तर डोळे मिटून बसतेस.”

“ऊसतोडीला आमी त्याच रस्त्यानं जायचो की. नगरकडच्या कारखान्यावर. ट्रकमधी.”

“तेव्हा गाडी लागायची नाही?”

“उघड्यावर कशाची लागती? पर समद्या बाया तोंड मागं करून बसायच्या. फुडून वारं, धुराळा. म्या त्यो रस्ता बगितला, पर मागं पळणारा. काय गेलं तेवढं दिसलं. काय येतंय ते कदी दिसलंच न्हाई.” मग मांडीवरच्या फुलांकडे बघत म्हणाली, “एकदा समोरून बगायचा हाय. आन तिला भेटायचंय. दोघीतली एक गेल्यावर काय करायचं भेटून?”

तेव्हापासून गाडी विकायची की नीट करायची हा प्रश्न गाडीचा राहिला नाही. विकली, तर माय पुन्हा डोळे मिटून जाणार, म्हणजे जाणारच नाही. नीट करायला दिली, तर तिची वाट बघत दोन म्हाताऱ्या बसणार. मी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करून पाहिला आणि दोन्हीकडून हरले. मायनंच तोड काढली. “इकायच्या आदी एकदा न्हे मला.”

मिस्त्रीनं तात्पुरती मलमपट्टी केली, डिकीत पाण्याचे कॅन ठेवले आणि निघताना हात जोडले. गाडीला की मला, ते कळलं नाही. माय पांढरी साडी नेसून आली. विहारात वंदनेला नेसते ती, घडीची. डोक्याला माझा रुमाल घट्ट बांधला, लिंबू मुद्दाम घरी ठेवलं आणि डोळे सताड उघडे ठेवून बसली.

ती सकाळ मला अजून स्वप्नातल्यासारखीच आठवते. मांजरसुंब्याच्या घाटात खरंच पळस फुललेला होता, माझ्या थापांपेक्षाही जास्त. गाडी गुणी लेकरासारखी चालत होती. पाटोद्याकडे जाताना डोंगर सौम्य होत गेले, उन्हात सगळं माळरान फिकट पिवळं. माय मधूनच हात वर करून वारं मुठीत धरायची आणि सोडून द्यायची. मी खूप सुखात होते. असं सुख मला खटला जिंकल्यावरही होत नाही.

जामखेड मागे टाकलं आणि गाडी तापली. बॉनेटमधून वाफ, मग एक उसासा, मग काही नाही. मी पाणी ओतलं, वाट पाहिली, चावी फिरवली, विनवण्या केल्या. शेवटी टायरला लाथ मारली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडले. हो, रडले. इथवर आणून मायला पोचवता येत नव्हतं, आणि ते बिचारं लोखंड निवांत उभं होतं. माय सीटवरून म्हणाली, “ती दमलीय गं. तू कावून रडतीस?”

तेवढ्यात मागून एक ट्रॅक्टर आला. कारखान्यांचा पट्टा पडला होता, म्हणजे ऊस संपून गाळप थांबलं होतं आणि तोडणीवाल्या टोळ्या घराकडे परतत होत्या. ट्रॉलीत बोचकी, पाचटाच्या झोपड्यांच्या, कोप्यांच्या चटया, चुली, दोन शेळ्या आणि माणसं. ड्रायव्हर आष्टीच्या पुढच्या वाडीचा होता. “टोचन लावून नेतो की ताई,” म्हणाला, आणि ट्रॉलीमागे दोर बांधून आमची गाडी जोडून घेतली.

ट्रॅक्टर संथ लयीत निघाला. मी स्टिअरिंग धरलं होतं, ब्रेकवर पाय, बाकी काही काम नाही. समोर ट्रॉलीच्या कडेला बायका बसल्या होत्या, सगळ्या तोंड मागे करून. म्हणजे थेट आमच्याकडे. त्यांतली एक मधली, तिशीतली बाई, कोंबडी काखेत धरून मायकडे टक लावून बघत होती. माय तिच्याकडे. त्या दोघींमधे एका दोराचं अंतर होतं.

माय ट्रॅक्टरच्या आवाजावर ओरडली, “तोंड कावून मागं केलंय गं?”

“फुडून धुराळा येतोय की, आजी!”

माय हसली. इतकी हसली की डोक्याचा रुमाल सुटला.

पुढे चहाच्या टपरीवर ट्रॅक्टर थांबला. मायनं त्या बाईला बोलावलं, “ये हितं बस. दोघी मावतो.” ती अंग चोरायला लागली. “न्हाई आजी, माजी कापडं लई मळल्यात.” “ही काय नवरदेवाची गाडी हाय व्हय? ये.” मग ती आली, कोंबडीसकट. दोघी वाळक्या अंगाच्या, एका सीटवर व्यवस्थित बसल्या. मायच्या पांढऱ्या साडीवर काजळीचे डाग पडले आणि मायनं ते पाहिलंही नाही.

सरळ रस्त्यावर समोर नुसती ट्रॉलीच दिसायची. पण वळण आलं की ती बाजूला सरायची आणि पुढचा रस्ता एकदम उघडायचा. पहिल्या वळणाला ती बाई दचकून मागे रेलली. “आगं बया, समदं अंगावर येतंय की!” माय म्हणाली, “येऊ दे.” मग दोघी प्रत्येक वळणाची वाट बघू लागल्या. कांद्याच्या काढणीची शेतं आली, कोरड्या नदीवरचा पूल आला, एका वस्तीवरचा पंचशील ध्वज आला, तिथे मायनं हात जोडले. येणारं सगळं आधी दुरून बारीक दिसायचं, मग सावकाश मोठं व्हायचं. आष्टीच्या शिवारात ती बाई उतरली, पुन्हा ट्रॉलीत चढली आणि सवयीनं तोंड मागे करून बसली. मायनं तिला हात केला. ड्रायव्हरनं आम्हाला मावशीच्या घरासमोर सोडलं.

मावशी उंबऱ्यात खुर्ची टाकून बसली होती. दोघी बहिणी नुसत्या एकमेकींचे चेहरे चाचपत राहिल्या. मी आत जाऊन उगाचच चहाचं आधण ठेवलं.

माय तिथे मनसोक्त राहिली. गाडी दारात उभी होती, नगर जवळ, आणि तो माणूस पुन्हा फोन करत होता. मी म्हणाले, “माय, मी गाडी नीट करून घेते. कितीही वेळ लागू दे. तुला परत उघड्या गाडीतूनच नेईन.”

माय शेंगा सोलत होती. “इक तिला.”

“आणि तू?”

“माझं बगून झालं. आता डोळं मिटलं तरी मला आष्टी दिसंल.” एक शेंग मावशीच्या हातावर ठेवत म्हणाली, “आन नीट कावून करायची? नीट अस्ती तर आपुन त्या बाईच्या फुडं निघून गेलो अस्तो.”

तो माणूस आला, गाडीभोवती लहान मुलासारखा फिरला आणि तिला टेम्पोवर चढवून घेऊन गेला. मी लाल पत्र्यावरून हात फिरवला. वाईट वाटलं, खूप वाटलं. सीटच्या फटीत कोंबडीचं एक पीस अडकलं होतं, ते मी काढलं नाही.

हे आम्हाला न्यायला पांढरी गाडी घेऊन आले. मी चालवायला बसले, हे मागे. माय माझ्या शेजारी बसली, मावशीनं दिलेलं लिंबू मुठीत धरलं आणि डोळे मिटले. गाव सुटल्यावर म्हणाली, “हितं ती उतरली.” मी आरशात पाहिलं. ती जागा केव्हाच मागे पडली होती. थोड्या वेळानं म्हणाली, “आता ध्वज येईल,” आणि हात जोडले. ध्वजही गेलेला होता, पाठोपाठ पूलही गेला. तिचं काही चुकत नव्हतं. तिनं तो रस्ता ट्रॅक्टरच्या चालीनं पाहिला होता आणि ती त्याच चालीनं येत होती.

मी गाडी हळू केली. मागून ट्रकवाले हॉर्न द्यायला लागले, हे म्हणाले, “आता हिलाही काय झालं?” लिंबू तसंच मुठीत होतं, तिनं ते एकदाही नाकाला लावलं नाही.

टपरी आली तशी मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. माय अजून मागे, पुलावर होती. तिच्या शेजारी ती बाई होती, कोंबडी होती, वळणं उघडत होती. मी स्टिअरिंगवर हात ठेवून तिची वाट बघत बसले.