दोन ओळींमधली रेघ

माइकच्या दुकानदाराने मला फसवले. माइक घेताना घासाघीस करून मी त्याच्याकडून रेकॉर्डिंगमधली खरखर काढून टाकणारे प्लगइन, म्हणजे कॉम्प्युटरवरचे छोटे सॉफ्टवेअर, फुकट मिळवले होते. माझी बायको सुमन हिने आजारपणात घरीच गायलेल्या भजनाच्या रेकॉर्डिंगवर मी ते चालवले आणि त्याच फाईलवर सेव्ह केले. पंख्याची घरघर गेली, तिच्या बांगड्या गेल्या, धाप लागून घेतलेला श्वासही गेला. स्क्रीनवरच्या आवाजाच्या आलेखात भजनाच्या दोन ओळींच्या मध्ये आता सरळ रेघ दिसते. तशी रेघ मी दवाखान्यात एकदा पाहिली आहे.

"काका, मूळ फाईल जपून ठेवायची असते," दुकानदार म्हणाला.

"मग विकताना तोंड शिवलं होतं का तुझं?"

पण तिचा श्वास म्हणजे खरखर, हे ठरवले कोणी? ज्याने ठरवले त्याने माझ्यासमोर येऊन जाब द्यावा.