प्रतिकूल बाजूची मुलगी

आमच्या महाविद्यालयाच्या वादविवाद मंडळाचं काम मी बरीच वर्षं पाहतो आहे. आता मंडळ असं फारसं उरलेलं नाही. मुलं मोबाइलवर तयार झालेलं भाषण आणतात, वाचून दाखवतात, प्रमाणपत्र घेऊन जातात. पूर्वी मी चिडायचो. आता चिडत नाही. त्याचं कारण इतकी वर्षं एका माणसाखेरीज कुणाला सांगितलं नाही, ते इथे लिहितो.

विद्यापीठाच्या स्पर्धांत प्रत्येक महाविद्यालयाचे दोन वक्ते असतात. एक विषयाच्या बाजूने बोलतो, दुसरा विरोधात, आणि करंडक दोघांच्या गुणांची बेरीज करून मिळतो. कुणी कुठली बाजू घ्यायची हे आमच्याकडे चिठ्ठी टाकून ठरायचं. त्या वर्षी स्पर्धा आमच्याच सभागृहात होती, विषय होता ‘उच्च शिक्षणासाठी घर सोडलेच पाहिजे’. जोडीतला मुलगा बेताचा होता, त्याला सोपी बाजू हवी होती. म्हणून चिठ्ठ्या मी टाकल्याच नाहीत. प्रतिकूल बाजू मुलीला देऊन टाकली. तिला कायद्याच्या अभ्यासासाठी पुण्याला जायचं होतं, प्रवेशाच्या यादीत नाव लागलं होतं, आणि घरी त्यावरून रोज वाद चालू होते. हे सगळं मला माहीत होतं.

तिचं भाषण चोख होतं, पण कोरडं. मी म्हटलं, शेवटी घरातलं काहीतरी घाल, परीक्षकांना भिडतं. खोदून विचारल्यावर तिने सांगितलं की आईला दमा आहे. औषधाचा पंप दाबताना श्वास कधी ओढायचा हे आईला जमत नाही, म्हणून ही समोर बसते आणि स्वतः श्वास ओढून दाखवते. मी म्हटलं, बस, हाच शेवट.

ती म्हणाली, “हे नको, सर. बाकी सगळं मी खोटंसुद्धा रेटून बोलेन. पण हे खरं आहे.”

मी हसलो. खरं आहे म्हणूनच चालेल, म्हटलं. तरी ती नको म्हणत राहिली. शेवटी मी मंडळाच्या इभ्रतीचं वगैरे काहीतरी बोललो आणि तिने तो शेवट लिहून घेतला.

पालकांना बोलवायची टूमही माझीच. तिचे वडील जवळच्याच पूर्णा गावचे. भाताची खाचरं जाऊन तिथे गोदामं उभी राहिली, तेव्हापासून घर त्यांच्या भाड्यावर चालायचं. गृहस्थ भला. मुलीला रोज मोटरसायकलवरून सोडायला यायचे. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसले होते. ती आईच्या श्वासापाशी आली तेव्हा त्यांनी रुमाल काढला. करंडक आम्हाला मिळाला. सगळ्यांत जास्त टाळ्या मी वाजवल्या.

प्रवेश नक्की करायची मुदत संपत आली तेव्हा ती माझ्याकडे आली. वडिलांनी तिला पाठवायला साफ नकार दिला होता. घरी भांडतेस ते मैत्रिणींच्या नादाने, स्टेजवर बोललीस तेच तुझ्या मनातलं, असं म्हणत होते. “तुम्ही घरी या,” ती म्हणाली. “एवढंच सांगा की तो शेवट तुम्ही घालायला लावला.”

मी गेलो. वडिलांनी खुर्ची पुसून बसवलं. आईने चहा केला. माझ्यामुळे पोर अशी बोलायला शिकली, हे दोघांनीही मला ऐकवलं. मी स्पर्धेचा नियम समजावला, बाजू दिलेली असते, ती वक्त्याची नसते वगैरे. ते ऐकून वडील हसले.

“बाजू दिली आसंल, सर. पन ते पंपाचं कोनी दिलं? ते तं आमच्या घरातलं हाय. येवढं मनापासून कोन खोटं बोलतंय?”

आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. पण ज्या बाईच्या हातचा चहा घेत होतो, तिचं दुखणं मी करंडकासाठी वापरलं, हे तिच्यासमोर म्हणायला तोंड उघडेना. मी म्हणालो, “तिची तयारी चांगली होती.” मुलगी आत निघून गेली.

मुदत टळली. पुढे लग्न झालं, अंबाडीला दिली. मंडळात ती पुन्हा आली नाही, मीही बोलावलं नाही.

गेल्या वर्षी धामणकर नाक्यावर वडील भेटले. मोटरसायकल थांबवून म्हणाले, चला, कॉलेजवर सोडतो. मग आपणहूनच सांगू लागले की पोरगी माहेरी येते, आईचं सगळं करते, पण बोलत नाही. विचारलं तेवढंच उत्तर. “केवढी बोलायची, सर. आता न्हाय बोलत.”

तिथेच, रिक्षांच्या गोंगाटात, मी त्यांना सगळं सांगितलं. चिठ्ठी टाकली नव्हती तेही. ती नको म्हणत होती तेही. त्यांच्या घरी बसून मी गप्प राहिलो तेही.

त्यांनी गाडी बंद केली. मग म्हणाले, “म्हंजे घरी भांडत व्हती तेच खरं व्हतं.”

मी हो म्हणालो. त्यांनी गाडी सुरू केली आणि तरीही मला बसायला सांगितलं. कॉलेजच्या फाटकापाशी मी उतरलो तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, “मला कळलंय ह्ये तिला सांगू नका. तिला वाटंल, बाप आता ‘चुकलो’ म्हनंल. मला ते जमनार न्हाय.”

मी कबूल केलं. इथे लिहून तो शब्दही मोडतो आहे. अंबाडीच्या नाक्यावर ती सासरचं दुकान सांभाळते म्हणतात. काही वाचते की नाही, मला माहीत नाही.