जोडीनं घ्यायची पूड

बाई गेल्याची खबर तिरोड्याहून गाडीनं आलेल्या माणसानं आणली. "कावीळ झाल्ती जी," एवढंच तो बोलला. रडू नंतर आलं, आधी भीती आली. खोटं कायले बोलू? कावीळ म्हणजे यकृत, आणि यकृत म्हटलं की मला त्या पुड्या आठवतात...

बाई माझी मोठी बहीण. आई लवकर गेली, म्हणून मला वाढवलं तिनं आणि बदडलंही तिनंच. तिरोड्याजवळच्या गावात तिचं घर, चार बांध्या धानाची शेती, आणि भाऊजी. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत भाऊजींचं हृदय थकलं. बांधावरून चालता चालता मधेच बसायचे, संध्याकाळी पाय सुजायचे. मी गोंदियात शाळामास्तर, म्हणून इथल्या एका डॉक्टरांची ओळख काढून दिली. डॉक्टर बाहेरगावी शिकून आलेले, नव्या औषधांचा भारी नाद. परदेशात दुबळ्या हृदयाच्या माणसांना अन्नासोबत एक पूड देऊन पाहत होते, ती त्यांनी मागवली होती. तिचं नाव ग्लायकोसायमाईन. बाईनं त्याचं 'गायकोसाई' केलं आणि मोकळी झाली. सोबत दुसरी पूड होती, बीटातून काढलेली, बीटेन म्हणत. दोघं नवराबायको जाऊन दोन्ही बाटल्या घेऊन आले. मी तेव्हा शाळेत होतो.

पुढं एका रविवारी मी गावी गेलो, तर दोघं आंघोळ करून देवासमोर पाटावर शेजारी शेजारी बसलेले. दोघांच्या हातात पूड कालवलेल्या पाण्याची वाटी. बाईनं खूण केली, दोघांनी एकदमच घोट घेतला.

"तू काऊन घेऊन राहिली, बाई? तुले काय झालं?"

"डॉक्टरनं सांगतलं, जोडीनं घ्या म्हणून. एकटी घ्याची नाही म्हणे," ती म्हणाली. "सत्यनारायणाले एकटा माणूस बसते का?"

मला हसू आलं. आमच्याकडे जोडीनं म्हणजे नवराबायकोनं, दुसरं काय? पण मग शंका आली. विचारलं, कोणती पूड कोणाची? "त्याईले गोडसर देतो. कडवट माह्या वाट्याची," बाई म्हणाली, जसं काही भाकरीचा करपलेला पापुद्रा आपल्या ताटात ओढून घेतला होता.

मिळेल त्या गाडीनं मी दोघांना गोंदियाला आणलं. ऐकता ऐकता डॉक्टरांचा चेहरा उतरला. जोडीनं म्हणजे दोन्ही पुड्या एकाच माणसानं सोबत घ्यायच्या, हे त्यांना वाटलं होतं कोणालाही समजेल. मग त्यांनी समजावलं. कडवट पुडीतून शरीर स्नायूंना ताकद देणारं द्रव्य बनवतं, पण ते बनवताना शरीरातली दुसरी एक शिदोरी संपत जाते. ती भरून काढायला बीटातली पूड. म्हणजे भाऊजींच्या पोटात नुसती भरपाईच गेली होती, औषध नाही, आणि बाईची शिदोरी खर्चून राहिली होती. यकृतावर ताण येऊ शकतो, ते म्हणाले.

भाऊजी खुर्चीतून उठलेच. "मंग हिले काही होईन का जी?"

"आत्ताच सांगता येत नाही."

डॉक्टर खरं बोलले, त्यांना दोष देत नाही. पण त्या एका वाक्यानं माझी झोप नेली. परतताना गाडीत भाऊजी खिडकीकडे तोंड करून बसले होते. बाई मात्र म्हणे, "बरं झालं, कडू त्याईले नाही देल्लं."

बाईची पूड थांबली. भाऊजींनीही मग ती औषधं घेतली नाहीत, कितीही समजावलं तरी. बाईच्या बरगडीखाली दाबून डॉक्टरांनी पाहिलं, काही लागलं नाही. पण भीती काही गेली नाही. गावी गेलो की मी तिला उजेडात उभं करायचो, डोळे पिवळे तर नाहीत ना, नखं कशी आहेत ते बघायचो. ती वैतागायची. "कायले डोळे पाह्यतं रे? म्हैस इकत घेऊन राहिला का?" वर्षं गेली. ती धानाच्या रोवण्याला जायची, माझ्यापेक्षा जास्त ओझं उचलायची. मी हळूहळू डोळे बघणं सोडलं... आणि यंदा कावीळ आली.

डॉक्टर म्हणतात, पाण्यातून आली असेल, गावात आणखीही जणांना झाली, त्या पुड्यांचा संबंध नसावा. 'नसावा' म्हणतात. 'नाही' म्हणत नाहीत. मी काय करू?

तेरवी आटोपल्यावर परवा पुन्हा गेलो. भाऊजींचे पाय घोट्यापासून वर सुजलेले, बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. डॉक्टरांनी हृदयाच्या साध्या गोळ्या दिल्या होत्या, बाई गेल्यापासून त्यातली एकही कमी झालेली नव्हती. मी रागावलो. मोठा माणूस, पण रागावलो. "काऊन नाही घेतली गोळी? मरायचं हाय का तुमाले?"

त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"घेतो ना बावा," ते म्हणाले. "तिले येऊ तं दे."