भाऊजी आले की चालणारा डबा

आमच्या धाकट्या दिरांइतका सावकाश माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याला शोधायला भाऊजींनाच पाठवावं, म्हणजे दोघांचीही सोय होईल. वीज खात्यात मीटर तपासण्यात त्यांचा जन्म गेला आणि तिथून ते एकच नियम घेऊन घरी आले: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग बसून बघायचं. हा नियम त्यांनी कशालाही लावला. एकदा पोट बिघडलं, तर डॉक्टरकडे न जाता एकेक पदार्थ सोडत गेले. आधी वरण, मग दूध, मग वांगं. जाऊबाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, "आता मलाच तेवढं सोडायचं राहिलंय." दोष निघाला तो कोपऱ्यावरच्या कचोरीचा, तिला ते जेवणात धरतच नव्हते.

पुढे जाऊबाई गेल्या. आमचे हे त्याआधीच गेले होते. भाऊजी थाटीपुरात एकटे, मी इकडे लश्कर भागात एकटी. पण आमच्या घरात जुनी रीत, की एकट्या भावजयीकडे दिराने कामाशिवाय बसायचं नाही, आणि कामाला आलं तरी दार सताड उघडं ठेवायचं. रीत घालून देणारे केव्हाच वर गेले. माझे गुडघे वाकत नाहीत, भाऊजींना डाव्या कानाने ऐकू येत नाही, तरी रीत काही सुटली नाही. सणावारी दारातूनच "वहिनी, सगळं ठीक नं?" असं विचारून ते परत जायचे. मी "ठीक" म्हणायची. दुसरं काय म्हणणार?

मग मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि जाताना त्याचा कंप्यूटर माझ्याकडे ठेवून गेला, रविवारी नातीचं तोंड मोठं दिसावं म्हणून. पडद्याशेजारचा तो डबा मनाला येईल तेव्हा बंद पडायला लागला. नात काहीतरी सांगत असायची आणि मधेच काळा पडदा. भाऊजींना फोन केला, तर त्यांचा आवाज एकदम तरणा झाला. "हात लावू नका वहिनी, मी येतो."

आले ते येतच राहिले. जानेवारीतला गारठा असो की मेमधली लू, दार सताड उघडायचं. हत्यारांची पिशवी खाली ठेवून स्टूल ओढायचं. डब्यावरचं माझं कव्हर दोन्ही हातांनी काढून, चौघडी करून दिवाणावर ठेवायचं. मग एकच गोष्ट बदलायची. एकदा वायर. पुढच्या खेपेला प्लगचा बोर्ड. एकदा नई सडकेवरून आतला वीज देणारा भाग नवा आणला. एकदा मेमरीची पट्टी काढून ती शाळेच्या खोडरबराने घासत बसले. बदललं की गुडघ्यांवर हात ठेवून पडद्याकडे बघत राहायचे. मी शेजारी भाजी निवडायची. डबा दिवसभर मुकाट चालायचा. निघताना ते कव्हर पुन्हा घालून त्याचे कोपरे सरळ करायचे, कारण त्यावर वहिनींचं भरतकाम. त्यांची स्कूटर पाटणकर बाजार ओलांडते न ओलांडते तोच डबा बंद.

आमच्याकडे टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, तसं डब्यालाही मी पहिल्याच दिवशी शिवलं होतं. भाऊजी यायला लागल्यावर उघड्या दारातून रस्त्याची सगळी धूळ घरात यायची, म्हणून दुसरं शिवलं, जुनी लुगडी घालून, गोधडीसारखं जाड. डबा आणखीच बंद पडायला लागला.

शेजारीण हसायची. "अम्माजी, आपका डिब्बा तो भैयाजी को देखते ही ठीक हो जाता है!"

"आदमी भी हो जाता है," मी म्हटलं. "इसमें हँसने का क्या है?"

डबा दुरुस्त झाला की भाऊजींचं येणं संपणार, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार. पण उगाच काम काढून बसणारा तो माणूस नव्हे. दोष शोधायचा म्हणजे शोधायचाच.

दसऱ्याच्या आधी मी घरातली सगळी कव्हरं धुवायला काढली. नंतर पाऊस लागला, ती वाळेनात. डबा काही बंद पडेना. भाऊजींचा फोन आला, मी खरं ते सांगितलं, तर ते संशयाने स्वतःच आले.

"वहिनी, काय बदललं?"

"काही नाही."

"काहीतरी बदलल्याशिवाय असं होत नाही."

इकडे तिकडे बघत ते मागच्या व्हरांड्यात गेले आणि दोरीखाली उभे राहिले. कव्हर उतरवून आणलं, डब्यावर घातलं, वर हात ठेवून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "तापतोय." मग पडदा काळा झाला. त्या गोधडीखाली डब्याला वाराच मिळत नव्हता.

"सापडलं," ते म्हणाले, पण कोणाच्या घरी वाईट बातमी सांगावी तसं. चौघडी करून कव्हर माझ्या हातात दिलं. "आता हे घालू नका." चहा न घेता गेले.

त्यानंतर डबा छान चालायला लागला. नातीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकू यायचं. तिचं बोलणं थोडंच असतं, हेही तेव्हा कळलं. एरवी दार बंद. घर इतकं स्वच्छ राहायचं की केर काढायलाही कारण मिळेना.

कव्हर पुन्हा घालता आलं असतं. तसली नाटकं मला जमत नाहीत. सरळ फोन केला.

"भाऊजी, डबा चांगला चालतोय. तुम्ही या."

"काम काय?"

"काम नाही."

त्यांनी फोन डाव्या कानाला लावला असेल, असं समजून मी फोन ठेवला.

परवा सकाळी स्कूटर वाजली. हातात पक्कड-पेचकसाची तीच पिशवी. त्यांनी दार सताड उघडलं, स्टूल ओढलं आणि चालू डब्याकडे भुवया चढवून पाहिलं.

"इतके दिवस एकदाही बंद पडला नाही?"

"एकदाही नाही."

"हे काही बरं लक्षण नाही, वहिनी. बसून बघावं लागेल."

ते गुडघ्यांवर हात ठेवून बघत बसले. मी भाजी घेऊन बसले. रस्त्याची धूळ आत येत होती. येऊ दे म्हटलं.