कमरेची गाठ

लातूरच्या दुकानात ट्रेकिंगची सॅक निवडत होते. दुकानदारबाईंनी तिच्यात वजन भरून ती माझ्या पाठीवर चढवली आणि कमरेचा पट्टा आवळला. "ताई, भार कमरेवर घ्या."

तेवढ्यानं मी उमरीच्या शेतात पोचले. कापूस वेचायचा माझा पहिला दिवस. कोवळं ऊन, पाठीवर जुन्या लुगड्याची झोळी. मायनं तिची गाठ माझ्या कमरेला आवळली. "खांदा लई दुखंल, कमरंवर घे."

दुपारपर्यंत झोळी फुगून ढगासारखी डुलायला लागली. बाया म्हणाल्या, "पोरगी चपळ हाय." मी हवेत. माय मात्र ओंजळभर कापूस घेऊन सारखी माझ्या मागं यायची. "गाठ बघते," म्हणायची. तिची स्वतःची झोळी त्या दिवशी अर्धीच भरली.

इतक्या वर्षांनी आज कळलं. गाठ तर सकाळीच घट्ट बसली होती.